रिकामी उडवायची नसते

आयुष्यात मी पहिल्यांदा बंदूक चालवली ती कुरडयांच्या रक्षणासाठी. आमच्या हिने अंगणात बाजेवर कुरडया घातल्या होत्या आणि शाळेला सुट्टी असल्यामुळे मला राखणीला बसवलं होतं. सोलापूरचं ऊन, डोक्याला ओला पंचा आणि समोर कावळे. छत्रीला ते भीत नव्हते, मला तर मुळीच नाही. शेवटी मी शेजारी गेलो आणि गंगक्कांकडून त्यांच्या यजमानांची, बिराजदार मास्तरांची, छऱ्याची बंदूक मागून आणली. मास्तर आत वामकुक्षी करत होते. कावळा मारला तर पाप लागायचं आणि नाही मारला तर ही बोलायची. त्या पेचातून मी माझ्या स्वभावाला शोभेल असा मार्ग काढला. छर्रा न घालताच उडवायची. नुसत्या आवाजाने कावळे जातील.

नळी वाकवली, सरळ केली, चाप ओढला. फट्! कावळे उडाले, लिंबावर बसले आणि परत आले. पुन्हा फट्! मला त्यात मजा वाटायला लागली. मिशी असती तर मी तिला पीळ दिला असता. एवढ्यात कुंपणाच्या भिंतीपलीकडून हाक आली.

"कुलकर्णी! रिकामी उडवू नका!"

हा माणूस झोपेत होता. दार बंद होतं. तरी नुसत्या आवाजावरून बंदुकीत छर्रा नाही हे त्याला कळलं होतं. बनियन आणि धोतरातच मास्तर भिंतीला वळसा घालून आले आणि माझ्या हातातून बंदूक अशी काढून घेतली की एखाद्या वेंधळ्या पाहुण्याच्या हातातून तान्हं मूल काढून घ्यावं.

"अहो, छर्रा असला की त्याच्यामागं हवा अडते. ती हवा आतल्या दट्ट्याला झेलते. छर्रा नसला की दट्ट्या जाऊन डोकं आपटतो. तुम्ही किती वेळा आपटलं त्याचं डोकं?"

"दोनदा... तीनदा."

"खरं सांगा."

"बरेचदा."

बंदूक कानाशी धरून मास्तरांनी हलकेच हलवली, डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसं ऐकलं आणि म्हणाले, "आता हिचा नेम पुन्हा बसवायला लागतो की काय, बघू."

ही दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. दरम्यान कावळ्यांनी कुरडया नेल्या.

बिराजदार मास्तर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, मी भूगोल. शेजार घराचाही आणि शाळेत खुर्चीचाही. मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही नाही, नुसतं बघणं. उंच, किडकिडीत, कपाळावर भस्माचे पट्टे. फळ्यावर ते एका फटक्यात वर्तुळ काढत. पोरं कंपास लावून तपासायची आणि कंपासच चुकला असणार असं ठरवून परत बसायची. वर्गात कुणी चुळबुळ केली की मास्तर पाठमोरे असतानाच खडू फेकत. तो नेमका त्याच पोराच्या वहीवर पडायचा. पोराच्या अंगावर कधी नाही.

त्यांच्या घरातली चैन म्हणाल तर ती बंदूक. लायसन लागत नसे तिला, रेडिओला लागे. ती भिंतीला टेकवून ठेवलेली मी कधी पाहिली नाही. दोन लाकडी खुंट्यांवर, खाली जुन्या सोलापुरी चादरीचे तुकडे गुंडाळून, ती आडवी निजलेली असायची. ताणून ठेवायची नाही, स्प्रिंग थकते. उन्हात ठेवायची नाही. नळीला घामाचा हात लागला तर लगेच पुसायची. सोमवारी शंकराची पूजा झाली की दस्त्याचे स्क्रू हातानं चाचपायचे, कारण "स्क्रू सैल झाला की नेम उठतो, आणि माणूस म्हणतो बंदूक बिघडली." कातडी वायसरला तेल द्यायचं ते एकच थेंब. मी एकदा म्हटलं, "अजून एक द्या की, बिचारी कोरडी वाटते." तर म्हणाले, "पहिला थेंब औषध, दुसरा लोभ. जादा तेल आत पेट घेतं, छर्रा वर जातो." छर्रेसुद्धा ते काचेवर घरंगळवून घेत. जो डुगडुगत जाईल तो बाद. बाद छर्रे एका डबीत साठवलेले होते. त्यांना ते "स्टाफरूम" म्हणायचे.

नेम बसवणं म्हणजे काय हे मला त्यांनीच सांगितलं. नळीच्या टोकाला माशी, अलीकडे खाच. खाचेतून माशी दिसते तिथं छर्रा गेला पाहिजे, आज, उद्या आणि पुढच्या दसऱ्याला. खाच सरकवायला बारीक स्क्रू असतो. नेम बसला तेव्हा मास्तरांनी त्या स्क्रूवर ब्रशनं पांढऱ्या रंगाचा टिपका दिला होता. "हा टिपका वर असला की बंदूक घरात आहे," ते म्हणायचे. कैक वर्षं टिपका वरच होता.

एकदा आमच्या मुख्याध्यापकांचे जावई आले. पुण्याचे. त्यांनी बंदूक कुंपणाच्या भिंतीवर घट्ट टेकवून उडवली आणि छर्रा लिंबाच्या फांदीत गेला. जावई म्हणाले, "बंदुकीत दोष आहे." मास्तरांनी भिंतीवर स्वतःचा डावा तळवा पालथा नाही, उताणा ठेवला, त्यावर बंदूक अलगद टेकवली आणि कागदाच्या मधोमध भोक पाडलं. "ही उडताना उडी मारते, जावईबापू. दगडावर टेकवली तर दगड तिला ढकलतो. चिमणीचं पिल्लू धरतो तसं धरायचं. आवळलं तर मरतं, सोडलं तर पडतं." जावई त्यानंतर चहाची कपबशीसुद्धा तशीच धरत होते.

पण मास्तरांचं खरं नाव होतं ते दसऱ्यासाठी.

ते लग्न होऊन पहिल्या दसऱ्याला सासरी गेले तेव्हा मेव्हण्यानं डिवचलं होतं, "चित्रं काढणाऱ्याला नेम कुठला?" मास्तरांनी त्याचीच बंदूक उचलली. नवी नवरी गंगा पुढे आली, हात लांब करून दोऱ्याला बांधलेलं झेंडूचं फूल धरून उभी राहिली. फूल फुटलं. मेव्हण्यानं बंदूक बहिणीसोबत देऊन टाकली. तेव्हापासून दर दसऱ्याला हा विधी मास्तरांच्या अंगणात व्हायचा. सीमोल्लंघनाला जायच्या आधी गल्ली जमायची, मागवाले शेजारी माग थांबवून यायचे. गंगक्का लिंबाखाली उभ्या राहायच्या. नऊवारी, हात ताठ, बोटातून दोरा, दोऱ्याला झेंडू. मास्तर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. ते म्हणायचे, "गंगा, सुम्मने निल्लु." गप उभी राहा. आणि ती बाई गालात हसत गप उभी राहायची. पाकळ्या उडायच्या, नुसता दोरा हातात उरायचा. मग आत जाऊन होळगी, म्हणजे त्यांच्याकडची पुरणपोळी, आणि तूप.

माझ्या कावळ्यांच्या पराक्रमानंतर त्या उन्हाळ्याच्या शेवटी मास्तरांनी मला बोलावलं. कागदावरची भोकं मधल्या वर्तुळाच्या डावीकडे गेली होती.

"हिचा नेम उठलाय, कुलकर्णी."

"मी रिकामी उडवली म्हणून?"

"बघू," मास्तर म्हणाले.

त्यांनी वायसर बदललं. स्प्रिंग बदलली. स्क्रू आवळले. खाच सरकवली, पांढरा टिपका पहिल्यांदाच खाली गेला. नेम बसला. दोन दिवसांनी पुन्हा उठला. पुन्हा सरकवली. आज बसवावा तर परवा उठतो, कधी डावीकडे, कधी खाली. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज येई, आणि मग शांतता, आणि मग स्क्रूड्रायव्हरचा किणकिणाट. पूर्वी आवाजानंतर मास्तरांचं "हां" ऐकू यायचं. ते बंद झालं. मी जेवताना दचकू लागलो. ही म्हणाली, "तुमच्यामुळे झालं ना हे सगळं?"

शाळा सुरू झाली. एक दिवस सातवीच्या वर्गावरून जाताना फळ्यावर मला एक अंडं दिसलं. पोरं गप्प होती. पोरं हसली असती तर बरं वाटलं असतं. मास्तर त्या अंड्याच्या खाली 'वर्तुळ' असं लिहीत होते.

मग एका सकाळी गंगक्कांच्या वाळत घातलेल्या चादरीला भोक दिसलं, लहानसं, गोल. दुसऱ्या दिवशी त्याला रफू होतं. मग जस्ताच्या बादलीला पोचा आला. आणि श्रावणात ही खिडकी पुसत होती, लिंबाच्या बाजूची, तर चौकटीत काहीतरी काळं रुतलेलं तिला सापडलं. तिनं ते सुईनं उकरून काढलं आणि माझ्यासमोर ताटाच्या कडेला ठेवलं. शिशाचा छर्रा.

"मी इथंच बसून भाजी निवडते," ती म्हणाली.

मी मास्तरांना सांगायला म्हणून उठलो. भिंतीपाशी गंगक्का उभ्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वैनीला सांगा, संध्याकाळी त्या खिडकीत बसू नका. मी बोलते त्यांच्याशी." काय बोलल्या देव जाणे. आवाज येत राहिले.

आमच्या शाळेत नवरात्रात पाटीपूजन असतं. फळ्यावर सरस्वती काढायची ती बिराजदार मास्तरांनी, हे ठरलेलं. त्या वर्षी ते शाळा सुटल्यावर सरस्वती काढत थांबले आणि मी घरी आलो, तर गंगक्का आमच्याच ओट्यावर हिच्याशी बोलत बसल्या होत्या. मला बघून उठल्या.

"भावजी, ते यायच्या आत एक काम करा. या."

त्यांनी बंदूक खुंट्यांवरून काढली. लहान स्क्रूड्रायव्हरनं खाच फिरवत नेली, पांढरा टिपका पुन्हा वर येईपर्यंत. इतक्या वर्षांत त्यांनी नुसतं फूल धरलं नव्हतं, सगळं बघितलं होतं. लिंबाला ठोकलेल्या फळीवर नवा कागद लावला. खुर्चीच्या पाठीवर चादरीची घडी ठेवली.

"उडवा."

"मी? गंगक्का, मी कावळ्यालासुद्धा..."

"म्हणूनच तुमी. छर्रा घालून. आन् मऊ धरा."

मी गुडघ्यावर बसलो, चादरीवर तळवा ठेवला, पिल्लू धरलं. खाचेत माशी घेतली. श्वास कुठे सोडायचा ते कळेना म्हणून सोडलाच नाही. आवाज झाला. ही कागदाकडे बघून ओरडली, "अगबाई, मधोमध!"

मी उडी मारली. खरंच मारली, या वयात, धोतराचा सोगा हातात धरून. "गंगक्का, लागला! बघितलं?" कुणी काही म्हणेना म्हणून मी आणखी एक उडवला. तोही पहिल्याला चिकटून. जन्मात मला नेमबाजीत असं यश मिळालं नव्हतं. मी वळून पाहिलं. ही पदर तोंडाशी धरून उभी होती. गंगक्का खुर्चीच्या पाठीवरची चादर उचलून तिची घडी घालत होत्या, घातलेली घडी पुन्हा घालत होत्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "बंदूक शाबूत हाय."

माझी उडी तिथंच विरली. बंदूक शाबूत होती. कावळ्यांच्या दिवसापासून मी मनात वागवलेला अपराध एका क्षणात उतरला आणि मला तो परत हवासा वाटला.

"डॉक्टरांना दाखवा ना डोळे," ही म्हणाली.

"म्हटलं की. लई वेळा म्हटलं. म्हणतात, माझ्या डोळ्याला काय झालंय, बंदूक बघ."

"मग परवा दसऱ्याला उभ्या राहू नका तुम्ही. ताप आलाय म्हणा. पाय मुरगळलाय म्हणा."

गंगक्कांनी मान हलवली. "बेडा, नको वैनी. मी न्हाय उभी राहिले तर त्यांना कळंल, मला कळलंय म्हणून. चित्र काढणारा माणूस हाय. त्याला त्याचा डोळा गेला हे मी सांगू?"

"आणि तुमचा हात?"

"हात माझा हाय की."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी शाळेत मी सरस्वती पाहिली. वीणा सुंदर, मोर सुंदर, साडीच्या चुण्या अशा की बोट लावावं. फक्त डोळे. एक जरा खाली उतरला होता, देवी आपल्याकडे न बघता कुणाच्या तरी मागं बघत होती. पोरांनी हात जोडले.

संध्याकाळी मास्तरांकडे अवजारांची पूजा. पाटावर ब्रश, रंगाच्या वाट्या, कधी न वापरलेला कंपास आणि बंदूक. आम्ही नवराबायको प्रसादाला गेलो होतो. मास्तरांनी बंदूक पुसायला घेतली. कापड पुढे पुढे जात होतं. खाचेपाशी त्यांचा अंगठा थांबला. स्क्रूवरून पुन्हा फिरला. रंगाचा टिपका हाताला लागतो, थोडासा उंच असतो तो.

"ही कुणी फिरवली?"

गंगक्का समईची वात पुढे करत होत्या. त्या स्क्रू मागे न्यायला विसरल्या होत्या की त्यांनी तो तसाच ठेवला होता, हे मी कधी विचारलं नाही.

"मी," मी म्हणालो. "म्हणजे सहज. आपलं बघावं म्हणून."

"उडवली?"

"हो."

"भरून?"

"भरून."

मास्तर उठले. अंगणात गेले. अजून उजेड होता, तरी ते लिंबाकडे हात पुढे करून चालल्यासारखे चालले. फळीवरचा कागद त्यांनी डोळ्यांनी पाहिलाच नाही. बोट फिरवलं, बाहेरच्या वर्तुळावरून आत, आत, आणि जिथं दोन भोकं शेजारी होती तिथं बोट थांबलं. वरून लिंबाचं एक पान पडलं ते त्यांच्या खांद्यावर बसून राहिलं.

"कुलकर्णी," ते म्हणाले, "तुमचा नेम बसला की."

परत आले, बंदुकीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. गंगक्कांनी विचारलं, "उद्याला फूल मोठं आणू का, छोटं?"

"नेहमीचं," मास्तर म्हणाले.

दसऱ्याला गल्ली नेहमीसारखी जमली. मागांची खटखट थांबली की आमच्याकडे कानात दडे बसल्यासारखं वाटतं, तसं वाटत होतं. ही माझ्याशेजारी उभी होती आणि तिनं माझं मनगट धरलं होतं, लग्नात धरलं नव्हतं इतकं घट्ट. मी दोनदा पुढे व्हायचं ठरवलं. "मास्तर, थांबा" एवढंच म्हणायचं होतं. पण एवढ्या लोकांसमोर ते दोन शब्द म्हणजे काय, हे मला कळत होतं, आणि गंगक्का माझ्याकडे बघून नकारार्थी डोळे हलवत होत्या.

त्या लिंबाखाली उभ्या राहिल्या. नवी हिरवी नऊवारी, हात ताठ, दोरा, झेंडू. मास्तरांनी आमच्याकडे पाठ केली, बंदीच्या खिशात हात घातला, नळी वाकवली, सरळ केली. वळले. बंदूक खांद्याला लावली.

यंदा ते "सुम्मने निल्लु" म्हणाले नाहीत. नळीचं टोक फुलापाशी गेलं, फुलावरून मनगटाकडे सरकलं, परत आलं, खाली उतरलं. आमच्या गल्लीतलं एक तान्हं कुठेतरी रडायला लागलं आणि कुणीतरी त्याचं तोंड दाबलं. नळी पुन्हा सरकली, आता गंगक्कांच्या खांद्याच्या बाजूला. हिची नखं माझ्या मनगटात रुतली.

तेव्हा पलीकडून गंगक्काच बोलल्या. नवऱ्याला बोलायचं त्या आदरानं, पण स्वच्छ आवाजात.

"सुम्मने निल्लरी."

नळी थांबली. चाप ओढला गेला.

फट्!

फूल खाली पडलं. गल्लीनं टाळ्यांचा कडकडाट केला, शिट्ट्या झाल्या, कुणी "वा मास्तर!" म्हणालं. मी मात्र टाळी वाजवली नाही. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. पोकळ, आत काहीतरी आपटल्यासारखा. सोलापुरात तो आवाज माझ्याइतका कुणी काढला नसेल. आणि लिंबाखाली फुलाबरोबर दोराही पडला होता, सबंधच्या सबंध. गंगक्कांची बोटं रिकामी होती. त्यांनी वाकून फूल उचललं, दोऱ्यासकट कनवटीला लावलं आणि होळगी वाढायला आत गेल्या.

मास्तरांनी बंदूक खुंट्यांवर निजवली. मग सगळ्यांना सोनं वाटायला आले, आपट्याची पानं घेऊन. माझ्यासमोर आले तेव्हा त्यांचा हात माझ्या हाताच्या जरा बाजूला आला. मी माझा हात तिथं सरकवला. पानाबरोबर काहीतरी जड तळव्यावर पडलं. छर्रा, घामानं ओला. मूठ मिटेपर्यंत ते थांबले आणि हळूच म्हणाले, "दट्ट्याचं डोकं आपटलं आज. पण एकदाच." मग पुढच्या माणसाकडे वळले, आणि वळताना त्यांचा डावा हात भिंत शोधत गेला.

घरी आल्यावर मी हिला मूठ उघडून छर्रा दाखवला आणि मोठ्या रहस्याच्या सुरात सगळं सांगितलं. आवाज कसा पोकळ होता, दोरा कसा सबंध पडला, आणि हे फक्त मला एकट्याला कसं कळलं.

ती सोन्याची पानं देवापुढे ठेवत होती. मागे वळली नाही.

"एकट्याला?" ती म्हणाली. "अहो, फूल खरं फुटायचं तेव्हा कधी एवढ्या टाळ्या पडल्या होत्या का?"